राइस प्लेट की सुटे पदार्थ? कॅनडातल्या विमानतिकिटाची फोड

टोरंटोहून व्हँकुव्हरचं तिकीट काढायला बसलात की पहिल्या पानावर दिसणारा आकडा खोटा नसतो. कर, विमानतळाची फी, सुरक्षेचा आकार हे सगळं त्यात धरलेलं असतं. कॅनडात तसा नियमच आहे. पण त्या आकड्यात विमानात बसता येतं, एवढंच. पुढच्या पानावर खुर्ची कोणती हवी ते विचारतात, त्याचे वेगळे पैसे. मग बॅग, तिचे वेगळे. तारीख बदलायची मुभा हवी का, तिचे वेगळे. चौथ्या पानापर्यंत मूळ आकडा ओळखू येत नाही. तुम्ही वैतागता, टॅब बंद करता, दुसऱ्या कंपनीच्या साइटवर जाता आणि तिथेही सगळ्यात स्वस्त आकड्यावरच क्लिक करता.

हा विरोधाभास अर्थशास्त्रवाल्यांना फार आवडतो. लोकांना विचारलं तर ते सांगतात, “आम्हाला सगळं एकत्र द्या, कटकट नको.” प्रत्यक्ष वागणं मात्र उलट. यावरून “लोकांना खरं तर सुटंच हवं असतं” असा निष्कर्ष विमान कंपन्या काढतात. मला तो घाईचा वाटतो, आणि का ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. तिकिटात काय धरायचं आणि काय सोडायचं, हे प्रवाशाच्या आवडीनिवडीवर क्वचितच ठरलं आहे. ते बहुतेक वेळा कायद्याने, करारांनी आणि बाजारात किती खेळाडू आहेत यावरून ठरलं. कॅनडा हे पाहायला उत्तम ठिकाण आहे: देश अवाढव्य, माणसं थोडी, विमान कंपन्या त्याहून थोड्या.

पुढे शब्दांचा गोंधळ नको म्हणून आपल्याकडचंच उदाहरण धरू. उडुप्याकडे राइस प्लेट मागवली की दोन भाज्या, आमटी, पापड, दही, कधी एक गोड, सगळं येतं. तुम्ही दह्याला हात न लावलात तरी बिल तेवढंच. शेजारच्या टेबलावरचा नुसता इडली-सांबार खातो आणि तेवढेच पैसे देतो. राइस प्लेटवाल्याला दह्याची किंमत कधी कळत नाही, आणि कळायची त्याला गरजही नसते.

सगळं धरून १४ डॉलर २० सेंट

कॅनडाच्या संसदेने एप्रिल १९३७ मध्ये कायदा करून ‘ट्रान्स-कॅनडा एअर लाइन्स’ ही सरकारी कंपनी काढली. मंत्री सी. डी. हाउ यांचं ते लाडकं काम. १ सप्टेंबर १९३७ ला तिचं पहिलं प्रवासी विमान व्हँकुव्हरहून सिॲटलला गेलं: लॉकहीड इलेक्ट्रा, आत दोन प्रवासी आणि टपालाच्या थैल्या. जाऊन-येऊन भाडं १४ डॉलर २० सेंट. पुढे रॉकी पर्वतावरून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विमानं सुरू झाली तेव्हा केबिनमधला हवेचा दाब राखायची सोय नव्हती, म्हणून प्रवाशांना ऑक्सिजन पुरवावा लागे. सुरुवातीच्या हवाई सेविका प्रशिक्षित नर्स असत. तर तिकिटात जेवणाचा डबा होता, ऑक्सिजन होता आणि नर्सही होती. कुणी सुटा दर विचारला नाही, कारण उडणं हीच एक अखंड आणि थोडी भीतिदायक वस्तू होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर भाडी सरकारी मंडळं ठरवू लागली आणि आंतरराष्ट्रीय मार्गांवर विमान कंपन्यांची संघटना. ही संघटना म्हणजे आयाटा. ती १९४५ मध्ये हवानाला स्थापन झाली, पण मुख्यालय माँट्रियलला आलं आणि आजही तिथेच आहे. भाडं आयाटाच्या बैठकीत एकमताने ठरायचं. कंपनी कोणतीही असो, न्यूयॉर्क-लंडनचं भाडं सारखं.

किंमत गोठवली की स्पर्धा मरत नाही, ताटात उतरते. १ एप्रिल १९५८ पासून अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत ‘इकॉनॉमी’ नावाचा नवा स्वस्त वर्ग आला. अट अशी की या वर्गाला गरम जेवण नाही, साधं, थंड, स्वस्त सँडविच द्यायचं. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने आपल्या पद्धतीचं उघडं सँडविच वाढलं: खाली पावाचा एक तुकडा आणि वर मांस, मासे, चीज, भाज्यांचा ढीग. अमेरिकेच्या पॅन ॲमने तक्रार केली की हे सँडविच नव्हे, जेवण आहे. मग जगातल्या मोठमोठ्या विमान कंपन्यांचे प्रतिनिधी ‘सँडविच म्हणजे नक्की काय’ यावर गंभीरपणे भांडले. वर्तमानपत्रांनी त्याला सँडविच युद्ध म्हटलं. साठच्या दशकात विमानात सिनेमे दाखवायला लागले तेव्हा पुन्हा तोच घोळ. ज्यांच्याकडे सिनेमा नव्हता त्यांनी आरडाओरड केली आणि शेवटी हेडफोनला अडीच डॉलर आकारायचे असं ठरलं. म्हणजे विमानातली एक सोय सुटी विकण्याचा हा जुना नमुना प्रवाशाच्या सोयीसाठी आलाच नव्हता. कुणी दुसऱ्यापेक्षा जास्त देऊ नये म्हणून तो लादला गेला.

मॅक्स वॉर्डची चिनी मातीची ताटं

कॅनडातला माझा आवडता माणूस म्हणजे मॅक्स वॉर्ड. एडमंटनचा जन्म, उत्तरेत यलोनाइफच्या बाजूला छोटी विमानं उडवणारा वैमानिक. त्याने १९५३ मध्ये वॉर्डेअर सुरू केली आणि साठच्या दशकात ती युरोपला चार्टर विमानं नेऊ लागली. नियमित सेवेची सरकारी कंपनी सांभाळायची म्हणून चार्टरवर जाचक अटी होत्या. विमान भाड्याने घेणारी संस्था खरीखुरी संस्था हवी, प्रवास हा तिचा हेतू नको, आणि प्रवासी निदान सहा महिने तिचा सभासद हवा. त्यामुळे स्वस्तात गावी जाता यावं म्हणून लोक कसल्या कसल्या मंडळांचे सभासद झाले आणि तपासनीस विमानतळावर सभासदत्वाच्या चौकशा करत फिरले. मायदेशी जाणाऱ्या स्थलांतरितांच्या मंडळांना या व्यवस्थेने कितीतरी वर्षं सभासद पुरवले असणार, असा माझा अंदाज. १९७३ मध्ये सभासदत्वाची अट मागे पडून आगाऊ बुकिंगची चार्टर आली आणि हा तमाशा संपला.

वॉर्डची गंमत अशी की तिकीट स्वस्त आणि ताट श्रीमंत. स्टेक, तोही रॉयल डोल्टनच्या चिनी मातीच्या ताटात, सगळ्यांना. आजच्या हिशेबात हे उलटं वाटतं. स्वस्त म्हणजे सगळं काढून घेतलेलं, असं आपण गृहीत धरतो. वॉर्डचं गणित वेगळं होतं. विमान भरलेलं असेल तर माणशी खर्च इतका खाली येतो की स्टेकने फारसा फरक पडत नाही, आणि प्रवासी मात्र तो स्टेक वर्षानुवर्षं आठवतो.

मग वॉर्डेअर टिकली का नाही? १९८६ मध्ये तिने देशांतर्गत नियमित सेवा सुरू केली आणि १९८९ मध्ये ती २५ कोटी डॉलरला विकली गेली. माझ्या मते कारण ताटात नव्हतं. सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबाला ताट महत्त्वाचं; कामासाठी आठवड्यातून दोनदा उडणाऱ्याला दिवसाकाठी किती विमानं आहेत ते महत्त्वाचं, शिवाय एअर कॅनडाने १९८४ मध्ये काढलेल्या एरोप्लानचे पॉइंट. ते पॉइंटही तिकिटात बांधलेलीच एक वस्तू, फक्त भाडं ऑफिस भरायचं आणि पॉइंट स्वतःच्या खात्यात पडायचे. एकाच गाठोड्याची किंमत दोन प्रकारच्या प्रवाशांना किती वेगळी वाटते हे इथे स्पष्ट दिसतं.

दोन बॅगांचा देश

आता बॅगेकडे येऊ, कारण तुमचा-आमचा जीव तिथे अडकलेला असतो.

पूर्वी सामान किलोवर मोजायचे: साध्या वर्गाला २०, पहिल्या वर्गाला ३०. सत्तरच्या दशकात अमेरिका आणि कॅनडाच्या मार्गांवर वजनाऐवजी नग मोजायची पद्धत आली. माणशी दोन नग. भारत-कॅनडा प्रवासात दोन मोठ्या बॅगा आणि भारत-दुबई प्रवासात मात्र २०-३० किलो, हा फरक तिथून आला. नगाची मर्यादा आधी ३२ किलो होती, या शतकाच्या पहिल्या दशकात २३ वर आली. तुमच्या आईने स्प्रिंगच्या काट्याला बॅग लटकवून “बावीस सातशे, अजून एक पाकीट बसेल” असं म्हटलं असेल, तर त्या वाक्यामागे एवढा इतिहास आहे.

कॅनडाने १९६७ मध्ये गुणांवर आधारित स्थलांतराची पद्धत आणली, आणि त्यानंतर आलेल्या आपल्या पिढ्यांसाठी या दोन बॅगा म्हणजे संसार होता. कुकर, पोळपाट, पुस्तकं, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. पुढच्या फेऱ्यांत परतीच्या बॅगेतून चॉकलेटं, जुने स्वेटर आणि कुणाकुणाची औषधं. ही बॅग ‘ऐच्छिक सेवा’ होती का? तिकिटाच्या भाषेत हो. जगण्याच्या भाषेत ज्याने त्याने ठरवावं.

कॅनडा, आपण आणि बॅग यांचा एक भयंकर दुवाही आहे, तो गाळून पुढे जाता येत नाही. जून १९८५ मध्ये व्हँकुव्हरला एका प्रवाशाने बॅग दिली आणि तो स्वतः विमानात बसलाच नाही. ती बॅग टोरंटोमार्गे एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात चढली. २३ जूनला आयर्लंडजवळ विमानाचा स्फोट झाला आणि ३२९ माणसं गेली, त्यांतली बहुसंख्य कॅनडाची नागरिक. त्यानंतर कॅनडाने बॅग आणि तिचा मालक एकाच विमानात आहेत ना, हे पडताळणं बंधनकारक केलं आणि ही पद्धत पुढे जगभर गेली. म्हणजे सुरक्षेच्या नियमात बॅग आणि माणूस यांची गाठ पक्की झाली. किंमतीत मात्र वीसेक वर्षांनी ती सोडवली गेली.

गाठ कशी सुटली

अमेरिकेने १९७८ मध्ये विमान भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. कॅनडात मंत्री लॉइड ॲक्सवर्दी यांनी मे १९८४ मध्ये नवं धोरण जाहीर केलं आणि १९८७ चा कायदा १९८८ च्या सुरुवातीला लागू झाला. त्याच सुमारास एअर कॅनडाचं खासगीकरण झालं. २९ फेब्रुवारी १९९६ ला कॅलगरीहून वेस्टजेट सुरू झाली: जेवण नाही, वर्ग नाहीत, भाडी कमी. २००० मध्ये एअर कॅनडाने आपली एकमेव मोठी प्रतिस्पर्धी कॅनेडियन एअरलाइन्स गिळली, २००१ मध्ये ११ सप्टेंबर झालं, आणि १ एप्रिल २००३ ला एअर कॅनडा दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली.

मधल्या काळात तिने एक प्रयोग केला होता. नोव्हेंबर २००१ मध्ये ‘टँगो’ नावाची वेगळी स्वस्त सेवा, मग २००२ मध्ये ‘झिप’. वेगळी विमानं, वेगळे रंग. दोन्ही मिटल्या. पण त्यातून जे सुचलं ते जास्त टिकाऊ निघालं: स्वस्त प्रवाशासाठी वेगळं विमान कशाला, वेगळं तिकीट पुरे. २००३ पासून एकाच विमानातल्या शेजारशेजारच्या खुर्च्या ‘टँगो’, ‘फन’, ‘लॅटिट्यूड’ अशा नावांनी विकायला लागल्या. खुर्ची तीच, पण बदलाची मुभा, पॉइंट, जागा निवडणं यांचे थर वेगळे. पुढे मुख्याधिकारी झालेले माँटी ब्रूअर या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते होते. काही वर्षं तर उलटाही खेळ होता: “मला बॅग नको, पॉइंट नकोत” असं टिचकवलं की भाड्यातून थोडे डॉलर कमी व्हायचे.

हा शेवटचा तपशील माझ्या दृष्टीने सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका आहे. “बॅग नसेल तर ३ डॉलर कमी” आणि “बॅग असेल तर २५ डॉलर जास्त” ही एकाच नाण्याची बाजू वाटते, पण ती तशी नाही. पहिल्यात बॅग तिकिटात धरलेली आहे आणि तुम्ही ती सोडताय. दुसऱ्यात ती तुमची नाहीच, तुम्ही ती मागताय. पहिलं सवलतीसारखं वाटतं, दुसरं दंडासारखं. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये ‘मनातले हिशेब’ मांडले ते याच प्रकारच्या फरकावर.

मग २००८ आलं. त्या जुलैत तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं. त्याच्या जरा आधी अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या चेक-इन बॅगेला १५ डॉलर लावले आणि बाकीच्या मोठ्या कंपन्या हळूहळू मागून आल्या. तेल उतरलं, फी उतरली नाही. (अमेरिकेत एक जास्तीचं आमिषही आहे: देशांतर्गत भाड्यावर साडेसात टक्के केंद्रीय कर लागतो, बॅगेच्या फीवर नाही. कॅनडात दोन्हींवर विक्रीकर लागतो, त्यामुळे इथल्या कंपन्यांना ती सबब नाही.) कॅनडात देशांतर्गत मार्गांवर पहिली बॅग सप्टेंबर २०१४ पर्यंत तगली. त्या महिन्यात वेस्टजेटने सर्वांत स्वस्त तिकिटावर पहिल्या बॅगेला २५ डॉलर जाहीर केले. तीन दिवसांत एअर कॅनडाने तेच केलं.

तीन दिवसांत! स्पर्धा असेल तर एकाने किंमत वाढवल्यावर दुसऱ्याने गिऱ्हाईक पळवायला हवं ना? दोनच मोठे दुकानदार असले की असं होत नाही.

मावशी आणि विद्यार्थी

इथे थोडं गणित करू, पॉडकास्टवर आकडे बोलून दाखवणं अवघड जातं. समजा विमानात दोनच प्रवासी. एक विद्यार्थी: खुर्चीसाठी तो ३०० डॉलरपर्यंत द्यायला तयार, बॅगेसाठी फार तर १०, कारण त्याचं सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं. दुसऱ्या मावशी, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या: खुर्चीची त्यांच्या लेखी किंमत २७०, पण बॅगेची ७०, डिंकाचे लाडू त्यातच आहेत.

राइस प्लेट विकायची तर दोघांनाही परवडेल असा दर ३१०. विद्यार्थी ३१० देतो, त्याच्या हाती उरत काही नाही. मावशींना प्रवास ३४० च्या मोलाचा होता, त्यांनी दिले ३१०. ३० डॉलरचं समाधान त्यांच्याकडे राहिलं. कंपनीचा गल्ला ६२०.

आता सुटं विकू. खुर्ची ३००, बॅग ४०. विद्यार्थी ३०० देऊन बॅगेशिवाय जातो. मावशी ३४० देतात. गल्ला ६४०, शिवाय एक बॅग कमी उचलली. जाहिरातीत काय दिसतं? “तिकीट १० डॉलरने स्वस्त!” विद्यार्थ्याला वाटतं आपण जिंकलो, पण त्याला १० डॉलर कमी लागले आणि १० डॉलरच्या मोलाची सोय गेली, फिट्टंफाट. मावशींचे ३० डॉलर गेले. ते विद्यार्थ्याला मिळालेले नाहीत, कंपनीकडे गेले.

जॉर्ज स्टिगलर यांनी १९६३ मध्ये सिनेमे गठ्ठ्याने भाड्याने देण्यावर लिहिलं तेव्हा निष्कर्ष उलटा होता: गठ्ठा विकणाऱ्याचा फायदा करतो. मग इथे सुटं विकणाऱ्याचा फायदा कसा? कारण दोन सिनेमे एकमेकांवाचून दाखवता येतात. खुर्चीशिवाय बॅगेला अर्थ नाही. म्हणून बॅगेची फी ही खरं म्हणजे प्रवाशांना दोन रांगांत उभं करायची युक्ती होते: ज्यांना अडून चालत नाही ते इकडे, बाकीचे तिकडे.

हे आकडे माझे, मनचे. पण खरा अभ्यासही आहे. यान ब्रुकनर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बॅग-फीचा हिशेब मांडला. फी आल्यावर सरासरी भाडं खरोखर घटलं, पण फीच्या रकमेपेक्षा कमी. म्हणजे बॅग नेणाऱ्याचा एकूण प्रवास महागला. कंपन्या म्हणतात “बॅग न नेणाऱ्याने दुसऱ्याच्या बॅगेचे पैसे का भरावे?” या प्रश्नात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. हलकं विमान कमी इंधन पितं, आणि नुसती सॅक घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षानुवर्षं इतरांच्या बॅगा पोसल्या हेही खरं. फक्त त्या न्यायाचा पूर्ण हिशेब दाखवला जात नाही.

राहिला तो क्लिकचा विरोधाभास. १९९८ मध्ये मॉर्विट्झ, ग्रीनलीफ आणि जॉन्सन यांनी दाखवलं की किंमत मूळ आणि अधिभार अशी फोडली की लोकांना एकूण रक्कम कमी आठवते आणि मागणी वाढते. आपण पहिल्या आकड्याला नांगर टाकतो आणि पुढचे आकडे घाईत जोडतो. म्हणून स्वस्त आकड्यावर क्लिक करणं म्हणजे “मला सुटं आवडतं” असं मत देणं नव्हे. तुलनेच्या साइटवर कंपन्यांची रांग लागते ती पहिल्या आकड्यानुसार. जी कंपनी प्रामाणिकपणे सगळं धरून दर लावील ती तळाला जाते. पहिली बॅग काढून घेणाऱ्यांपेक्षा न काढणाऱ्यांचं नुकसान होतं, मग सगळेच काढतात.

‘ऐच्छिक’ कुणी ठरवायचं?

दोष फक्त कंपन्यांवर टाकून चालणार नाही. कॅनडाच्या सरकारने स्वतःचंही गाठोडं सोडलंच. पूर्वी विमानतळ, हवाई नियंत्रण, सुरक्षा हे सगळं सरकारी तिजोरी आणि तिकिटावरच्या करातून चाले. १९९२ पासून विमानतळ स्थानिक संस्थांकडे गेले, १९९६ मध्ये हवाई नियंत्रण नॅव्ह कॅनडाकडे, २००२ मध्ये सुरक्षेचा वेगळा आकार आला. व्हँकुव्हर विमानतळाने १९९३ मध्ये सुधारणा फी लावली ती तिकिटातही नव्हती. विमानात बसण्याआधी वेगळी भरावी लागे. या सगळ्या फिया जाहिरातीतल्या भाड्याबाहेर राहू लागल्यावर भाडं आणि बिल यांचा संबंध तुटला. शेवटी १८ डिसेंबर २०१२ पासून नियम झाला की जाहिरातीत सर्व सक्तीचे आकार धरूनच किंमत लिहायची. मी सुरुवातीला म्हटलं तो नियम हाच.

पण नियमात एक शब्द राहिला: सक्तीचे. जे ऐच्छिक ते बाहेर. तेव्हापासून सगळी लढाई या एका शब्दावर आहे. सेवा ऐच्छिक ठरली की तिचा दर मोकळा.

काही वेळा हा शब्द प्रवाशांच्या बाजूने वळला. १० जानेवारी २००८ ला कॅनडाच्या वाहतूक प्राधिकरणाने एक निर्णय दिला: अपंगत्वामुळे ज्याला मदतनीस किंवा जास्तीची खुर्ची लागते त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात दुसरं भाडं घ्यायचं नाही. एक माणूस, एक भाडं. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथे दाद मिळाली नाही. विचार करून पाहा, हा निर्णय काय म्हणतो: प्रवास म्हणजे खुर्ची नव्हे, त्या माणसाला इकडून तिकडे नेणं, त्यासाठी दोन खुर्च्या लागल्या तर त्या दोन मिळून एक वस्तू. २०१९ च्या नियमांनी मुलांबद्दल असंच काहीसं केलं. पाच वर्षांखालच्या मुलाला पालकाच्या शेजारची जागा जादा पैसे न घेता द्यायची, ५ ते ११ च्या मुलाला त्याच रांगेत, फार तर एक खुर्ची सोडून.

युरोपात न्यायालयाने २०१४ मध्ये व्हुएलिंग कंपनीच्या खटल्यात रेघ आणखी स्पष्ट ओढली. चेक-इनची बॅग अटळ नाही, तिचे पैसे घ्या. पण वाजवी आकाराची हातातली बॅग हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, तिचे घेता येणार नाहीत. तरीही कंपन्यांनी घेतले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनने पाच कंपन्यांना मिळून सुमारे १७.९ कोटी युरो दंड केला.

त्याच सुमारास कॅनडा नेमका उलट्या दिशेने चालला होता. जून २०२४ मध्ये वेस्टजेटने ‘अल्ट्राबेसिक’ आणलं: सर्वांत शेवटी चढायचं, मागे बसायचं, वरच्या कप्प्यातली बॅग नाही. डिसेंबरमध्ये एअर कॅनडाने जाहीर केलं की ३ जानेवारी २०२५ पासून बेसिक तिकिटावर हातातली मोठी बॅगही नाही. ती आणलीत तर चेक-इनला ३५ डॉलर, गेटवर सापडलात तर ६५. तेव्हाच्या वाहतूक मंत्री अनिता आनंद यांनी नाराजी व्यक्त केली, संसदेच्या समितीने कंपन्यांच्या प्रमुखांना बोलावून प्रश्न विचारले. फी मात्र ठरल्या तारखेला लागू झाली.

याच काळात पोर्टरसारखी कंपनी वाइन, बिअर आणि वायफाय तिकिटात देते, मधली खुर्ची ठेवत नाही, पण स्वस्त तिकिटावर चेक-इन बॅगेचे पैसे घेते. वॉर्डची आठवण येते, पण हिशेब त्याच्या उलट टोकाचा आहे. जे देताना फार खर्च होत नाही आणि लक्षात राहतं ते ताटात ठेवायचं, ज्याच्यावाचून अडतं ते सुटं विकायचं.

कमी दराच्या कंपन्यांनी हे चित्र बदललं असतं का? प्रयत्न झाले. कॅनडा ३००० नोव्हेंबर २००१ मध्ये बुडाली, जेट्सगो मार्च २००५ मध्ये, लिंक्स फेब्रुवारी २०२४ मध्ये. वेस्टजेटची स्वस्त धाकटी बहीण स्वूप २०२३ मध्ये आईच्या घरी परतली. सरकारच्या स्पर्धा विभागाने जून २०२५ च्या अहवालात म्हटलं की दोन शहरांमधल्या मार्गावर एकच नवा प्रतिस्पर्धी आला तरी भाडं सरासरी ९ टक्क्यांनी उतरतं. बॅगेची फी हा मुद्दा मला इथे दुय्यम वाटतो. फी सुटी असो की धरलेली, चार कंपन्या उडत असतील तर मावशींचे ३० डॉलर कुणीतरी परत देऊ करतंच.

पुढचं तिकीट काढाल तेव्हा रंगीत तक्त्यातल्या बरोबर-चूकच्या खुणांऐवजी खाली बारीक अक्षरातली एक नोंद बघा. तिथे बॅगेच्या रकान्यात ‘२पीसी’ असेल, ‘१पीसी’ असेल, ‘०पीसी’ असेल किंवा ‘३०के’. ‘पीसी’ म्हणजे नग, ‘के’ म्हणजे किलो. आणि आई-बाबांचं तिकीट तुम्ही इथून काढत असाल तर ती नोंद त्यांना फोनवर वाचून दाखवा, काटा लटकवण्याआधी.